सोबतीची चाल

महाशिवरात्र जवळ आली, की भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी परिसरातली पावलं गायमुखाच्या महादेवाकडे वळतात. कुणी त्याहून पुढे, सातपुड्यात, पचमढीजवळच्या चौरागडावर जातात. खांद्यावर नवसाचा त्रिशूळ. ओठांवर महादेवाचा गजर. त्यात नवरा-बायकोच्या जोड्याही असतात.

चौरागडाची चढण दमवणारी आहे. एकाला धाप लागते, दुसरा थांबतो. पाण्याची बाटली पुढे होते. गाठोडं न बोलता या खांद्यावरून त्या खांद्यावर जातं. सोबत चालायचं, तर चाल जुळवावी लागते.

जोडीनं चालण्याला मानही आहे. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची महापूजा करतात. दर्शनरांगेतलं एक वारकरी जोडपंही त्या पूजेला मानानं बसतं. हा मान दोघांचा असतो, एकट्याचा नाही.

आज पाठीवर सॅक टाकून नेपाळ, व्हिएतनामपर्यंत भटकणारी तरुण जोडपी आहेत. वाट नवी, रीत तीच. सोबत चालायचं, तर चाल जुळवावी लागते. पुढे गेलेल्यानं मागे वळून पाहायचं. थकलेल्यानं मोकळेपणानं सांगायचं. डोंगरावर, तसंच घरात आणि शेतावरही.

श्रोतेहो, आज कुणासोबत बाहेर पडाल, तेव्हा मध्येच एकदा विचाराल ना, जरा थांबू या का?