देवाचा न्याय आणि आपला वाटा



नांदेड-लातूरकडच्या गावात कीर्तनाला गेले की रात्रीच्या मुक्कामात दोन गाऱ्हाणी हमखास कानी येतात. एक शेताच्या बांधाचे, दुसरे सप्ताहातल्या मानाचे. बांध कोणी कोरला आणि काल्याचे कीर्तन कोणाला दिले, एवढ्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद असते. अलीकडे तिसरे आले आहे, लेकरांच्या परीक्षेचे. लातूरचे नाव शिक्षणासाठी सर्वतोमुखी. पण २०२४ साली नीटच्या पेपरफुटीच्या तपासात तेच नाव घेतले गेले. पैसे देऊन पेपर मिळवणारा बाप दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराची जागा घेत असतो. तिन्ही ठिकाणी मनात बोल एकच असतो: देव देईल तेव्हा देईल, आपण आपले पाहावे.

हा बोल औंढा नागनाथला जाऊन तपासावा. नरसीच्या नामदेवरायांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला तो याच क्षेत्री. परंपरा सांगते की, देवळासमोर त्यांचे कीर्तन चालू असताना पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठवले. नामदेवराय भांडले नाहीत. देवळामागे जाऊन त्यांनी कीर्तन चालू ठेवले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. आजही तेथे नंदी देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात. या कथेत नामदेवरायांनी समोरची जागा सोडली, मान सोडला. कीर्तन मात्र सोडले नाही. जागा ठरवणे देवाचे काम, नाम घेणे आपले.

आणि पुढे काय झाले ते नांदेडात जाऊन पाहा. १७०८ साली गोदातीरी गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिले. त्या ग्रंथात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. देवळासमोरून उठवलेल्या त्या भक्ताच्या वाणीपुढे आज लाखो लोक माथा टेकतात. यातले काहीही नामदेवरायांनी मागितले नव्हते. पंढरीत तर महाद्वाराची पायरी हीच त्यांनी आपली जागा मानली.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. महाराज, मग अन्याय सोसत बसायचे काय? देवावर भार टाकला म्हणजे दुबळ्याने गप्प राहायचे काय? शंका रास्त आहे. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्यास भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि त्यांची समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. त्यांच्या बांधवांना विठ्ठलाच्या पायाशी जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. मध्ये सहाशे वर्षे गेली. तो उशीर देवाच्या माथी मारू नये; आपण दार धरून उभे होतो.

आता गुरुजींचे पाहा. त्यांना स्वतःला देवळात जायला कोणाची आडकाठी नव्हती. दुसऱ्यासाठी दार उघडावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. म्हणून सिद्धांत असा: देवाच्या न्यायावर विसंबणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. दुसऱ्याच्या वाट्यासाठी झटावे, आपल्या वाट्याचे माप मात्र स्वतःच्या हाती घेऊ नये. लोभाच्या हातात तराजू दिला की पारडे नेहमी एकीकडेच झुकते.

मग स्वतःवर खरोखर अन्याय झाला तर? तर दाद जरूर मागावी. बांध कोरला असेल तर सरकारी मोजणी आणावी, यात भक्तीला बाध येत नाही. फक्त मोजणीवाला शेतात उतरण्याआधी मनाला एक प्रश्न विचारावा: मोजणीत चार हात माझ्याच बाजूने जास्त निघाले, तर ते मी सोडीन काय? सोडीन असे मन म्हणाले, तर तुम्हाला न्याय हवा आहे. मन अडखळले, तर हवी आहे ती जमीन, आणि देवाचे नाव केवळ साक्षीला घेतले आहे.

मानाचेही तसेच. काल्याचे कीर्तन दुसऱ्याला मिळाले, तर त्या दिवशी मागे उभे राहून टाळ धरता येतो काय, एवढे पाहावे. टाळ मागच्या रांगेतही तेवढाच वाजतो.