बारसे की बारावे?

आपल्याकडे मूल जन्मले की बाराव्या दिवशी बारसे होते. आत्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. पण आधी प्राण घ्यायचा आणि मग नाव ठेवायचे, असेही एक बारसे शास्त्रज्ञांच्या टेबलावर नित्य चाललेले असते. त्याला बारसे म्हणावे की बारावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे.

उदाहरण घेतो ते कॅडिस नावाच्या किड्याचे. हा पतंगाचा भाऊबंद; मात्र याच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात. याची अळी पाण्यात वाढते. पुष्कळ जातींच्या अळ्या तोंडातून रेशीम काढून वाळू, काड्या, पानांचे तुकडे चिकटवतात आणि आपल्यापुरते घर बांधतात. एका कुळातल्या अळीचे घर इतके हुबेहूब शंखासारखे असते की १८३४ साली आयझॅक ली या अमेरिकन पंडिताने ती गोगलगायच समजून तिला नाव देऊन टाकले! घरावरून घरधन्याची जात ठरवण्याची खोड विद्वानांनाही असते, ती अशी.

या किड्याच्या जाती फार सूक्ष्म फरकांनी वेगळ्या होतात. म्हणून नवी जात ठरवायची तर रात्री ओढ्याकाठी दिवा लावायचा, त्यावर झेपावलेले किडे अल्कोहोलात बुडवायचे, नराच्या पोटाचे टोक क्षारात घालून पारदर्शक करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चित्र काढायचे. एक नमुना कायमचा संग्रहालयात जातो आणि जातीला दोन शब्दांचे लॅटिन नाव मिळते. पुष्कळदा त्याची अळी कोणती, तिचे घर कसले, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसते. अळीपणात महिनोन्महिने जगलेल्या जिवाची ओळख ठरते ती पंख फुटल्यानंतरच्या थोड्या दिवसांवरून.

मुंगीला साखर घालणाऱ्या आपल्या मनाला हे रुचत नाही. एका नावासाठी जीव का घ्यावा? मलाही तसेच वाटे. पण श्रीलंकेची हकीकत पाहा. १८५८ साली हागेन या जर्मन पंडिताने त्या बेटावरच्या काही कॅडिसांची नोंद केली. पुढे शंभर वर्षांनी, १९५८ साली, फेर्नां श्मिड यांनी तिथल्या कॅडिसांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध करून कितीतरी नव्या जाती जगापुढे मांडल्या. या दोन तारखांच्या मध्ये काय झाले? कॉफीसाठी डोंगरावरचे रान तुटतच होते. १८६७ साली जेम्स टेलर यांनी चहाची लागवड सुरू केली, १८६९ साली कॉफीवर तांबेरा पडला आणि मग चहाने डोंगरामागून डोंगर व्यापले. सावली गेली, ओढे गढूळ झाले. त्या ओढ्यांत कोण राहत होते, हे श्मिड येण्यापूर्वीच कुणी विचारायचे राहून गेले असेल, तर त्या जिवांची मोजदाद आता कोण करणार?

युरोपात याचा पुरावाच आहे. जुन्या संग्रहांतले नमुने तपासून ऑस्ट्रियाचे हान्स मालिकी यांनी १९७७ साली ऱ्हाइन नदीच्या एका कॅडिसला नाव दिले. तेव्हा तो नदीतून नाहीसा होऊन कित्येक वर्षे लोटली होती. कारखान्यांच्या सांडपाण्याने नदी नासली होती. त्याचे बारसे आणि बारावे एकदमच झाले. त्याला मारण्याचा संकल्प कोणी केला नव्हता. त्याची ओळखच कोणाला नव्हती, एवढेच.

अल्कोहोलात बुडालेला एक किडा आणि नकळत संपलेली एक जात, यांत मला दुसरी हिंसा मोठी वाटते. पहिलीचा हिशेब निदान चिठ्ठीवर लिहिलेला असतो: स्थळ, तारीख, पकडणाऱ्याचे नाव. तरीही पहिली त्यामुळे माफ होत नाही. आत्या नाव ठेवून मोकळी होत नाही, ती त्या मुलाची जन्माची आत्या होते. ज्याने जीव घेऊन नाव दिले, त्याने त्या ओढ्याचे ऋण डोक्यावर घेतले. ते फेडायचे नसेल, तर ती नुसती शिकार.

आणि हे ऋण केवळ शास्त्रज्ञांचे कसे म्हणावे? फराळाबरोबर चहाचा कप आपल्याही हातात आहे.