बातमीचा जबाब

सन २०२५ च्या मार्च महिन्यात असीरगढाच्या पायथ्याशी असलेल्या शेतांतून रात्री उशिरापर्यंत विजेऱ्यांचे प्रकाश हलत होते. कुदळी, फावडी, चाळण्या, आणि काहींच्या हाती धातू शोधण्याची यंत्रे, असा सरंजाम घेऊन आसपासच्या गावांतील माणसे मोगलांच्या मोहरा शोधीत होती. महिन्यापूर्वीच 'छावा' हा चित्रपट प्रदर्शित झाला होता आणि त्यात बुऱ्हाणपूरची लूट दाखविली होती. त्यातच महामार्गाच्या कामासाठी उपसलेल्या मातीत नाणी सापडल्याची वदंता उठली, आणि खणणाऱ्यांची चित्रफीत भ्रमणध्वनीवरून देशभर पसरताच जी वदंता दोन-चार गावांपुरती होती, तिला एकाएकी बातमीचा दर्जा प्राप्त झाला. अखेर पोलिसांना आणि प्रशासनाला लक्ष घालावे लागले. संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, म्हणजे १६८१ च्या प्रारंभी, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बुऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला, हे इतिहासात नमूद आहे. परंतु बहादूरपुऱ्याची संपत्ती वीस किलोमीटरांवरच्या असीरगढाखालील शेतात कशी आली, हा साधा प्रश्न त्या गर्दीत कोणाला विचारावा? ज्याला विचारावयाचे तो सांगणाराच कोठे दिसत नव्हता. खणणाऱ्या गरीब माणसाला नावे ठेवणे मला न्यायाचे वाटत नाही. ज्या बातमीला धनी नाही तिची शहानिशा त्याने कोणाकडे करावी?

'जबाबदारी' हा शब्द आपण आज इतक्या सैलपणाने वापरतो की त्याच्या पोटात 'जबाब' आहे, याचा विसर पडला आहे. विचारल्यावर जो उत्तर देण्यास हजर राहतो तो जबाबदार, एवढाच त्याचा मूळचा आणि कठोर अर्थ. बातमी सांगणाऱ्याने कोणाला जबाब द्यावा, याविषयीची आपली कल्पना गेल्या चार शतकांत कशी पालटत गेली, हे पाहण्यास असीरगढासारखे स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. कारण नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधली सातपुड्याची वाट अडवून बसलेला हा किल्ला दख्खनचा दरवाजा म्हणून जितका लढला गेला, तितकाच तो सांगितलाही गेला.

अकबराने आयुष्यात जिंकलेला हा शेवटचा मोठा किल्ला. खानदेशच्या फारुकी घराण्याचा अखेरचा सुलतान बहादूरखान आत, बादशाही फौज बाहेर, आणि १६०१ च्या जानेवारीत गड मोगलांच्या हाती आला. तो कसा आला, याचे मात्र दोन वृत्तान्त आहेत. त्या मोहिमेत स्वतः वावरलेला अबुल फजल सांगतो की किल्ल्यात रोगराई पसरली, माणसे मेली, शिबंदीचे धैर्य खचले. छावणीत असलेल्या जेरोम झेवियर या जेझुइट पाद्र्याच्या पत्रांवरून युरोपात जो वृत्तान्त छापला गेला, त्यात रोगाचे नावही नाही. बहादूरखानास अभयाची शपथ देऊन बोलाविले, परत जाऊ दिले नाही, आणि मग सोने वाटून दरवाजे उघडविले, असे तो सांगतो. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ याने १९१७ साली पाद्र्यांचा पक्ष घेऊन दरबारी इतिहासकारावर असत्याचा उघड आरोप केला. पुढच्या अभ्यासकांनी पाद्र्यांच्या वृत्तान्तातील चुकाही तितक्याच परखडपणे दाखविल्या. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की तीन शतकांनंतरही दोघांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता आले. अबुल फजल धन्याचा नोकर होता, झेवियरला त्याच्या धर्माची आणि पोर्तुगीजांची ओढ होती. परंतु दोघांचीही नावे ठाऊक आहेत, ते कोठे उभे होते हे ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या शब्दांतून त्यांचा पक्षपात वजा करता येतो.

याच अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त वाकेनवीसांची व्यवस्था वर्णिली आहे. दरबारात असे चौदा लेखनिक नेमलेले असत आणि दररोज त्यांतील दोघांची पाळी असे. दिवसभराचा वृत्तान्त लिहून झाला की तो दुरुस्त होई, बादशहाच्या नजरेखालून जाई, आणि मगच त्याची नक्कल सहीनिशी बाहेर पडे. त्या नकलेला याददाश्त म्हणत. लेखनिकाची सही, वरच्या अधिकाऱ्यांच्या सह्या, मोहोर, असे एकावर एक जबाबदारीचे थर त्या कागदावर चढत. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतला वाकनीस तो हाच शब्द, आणि आपल्याकडे वाकनीस हे आडनावही त्यातूनच आले. ही जबाबदारी अर्थातच वरच्याला होती, रयतेला नव्हती. गावातली बातमी दरबारात जावी म्हणून सारी यंत्रणा होती. दरबारातली बातमी गावात यावी, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

या व्यवस्थेचे शेवटचे दर्शनही असीरगढावरच घडले. १८१९ साली किल्ला दौलतराव शिंद्यांचा होता आणि जसवंतराव लाड किल्लेदार होता. इंग्रजांच्या हवाली किल्ला करावा, असा उघड हुकूम शिंद्यांकडून गेला होता. तरीही किल्लेदार लढला, आणि ९ एप्रिल रोजी गड पडल्यावर तेथील कागदांत दौलतरावाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले एक पत्र सापडले, त्यात पेशव्यांच्या आज्ञा पाळण्याची किल्लेदाराला ताकीद होती. जगाला दाखविण्याचा कागद निराळा आणि मनातला कागद निराळा! त्या एका पत्राच्या आधारे इंग्रजांनी किल्ला कायमचा ठेवून घेतला.

त्यानंतर तेराच वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' मुंबईत निघाले, आणि बातमीची दिशा प्रथमच फिरली. आता ती वर न जाता चोहोकडे जाऊ लागली, आणि तिचा जबाब मागणारा एक धनी न राहता हजार वाचक झाले. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरा'त लोकहितवादींची शतपत्रे आली, ती टोपणनावाने. सरकारी नोकरीतल्या माणसाने स्वसमाजावर इतके कोरडे ओढावे आणि नाव झाकावे, हे काळ पाहता समजण्यासारखे आहे. परंतु ते नाव झाकले असले तरी संपादकाचे नाव उघडे होते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापण्याची सक्ती केली. सरकारचा हेतू नजर ठेवण्याचा होता, यात शंका नाही. तथापि अंकाच्या तळाशी असलेली ती बारीक अक्षरातली ओळ वाचकाचेही हत्यार ठरली.

त्या ओळीची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने १८८२ साली पाहिले. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी महाराष्ट्र हळहळत होता, आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे यांचा हात असल्याचे दर्शविणारी काही पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी त्यांवर विश्वास ठेवून लिहिले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी क्षमा मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिले. आपण या प्रसंगाची आठवण बहुधा देशभक्तीचे पहिले पर्व म्हणून करतो आणि त्यातली खरी शिकवण बाजूला राहते, असे मला वाटते. त्यांचा हेतू शुद्ध होता, राजाविषयीची कळकळ खरी होती, आणि तरीही रुजुवात न करता छापलेल्या मजकुराने एका माणसाच्या अब्रूला धक्का लागला होता. तो मजकूर दुसऱ्यांनी आणून दिला होता हे खरे. पण छापला आपण, ही गोष्ट अंगावरून झटकता येत नाही, हे डोंगरीच्या त्या एकशे एक दिवसांत लिहिले गेले. शुद्ध हेतूने रुजुवातीची जागा भरून निघत नाही, हे इतक्या मोठ्या माणसांना इतक्या मोठ्या दंडाने शिकावे लागले, तर आपण कोण?

आज मजकूर मिळण्याला, छापण्याला आणि वाटण्याला एकच बोट पुरते. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या शब्दाला शतकानुशतके कोणत्याही दप्तरात जागा नव्हती त्यांना ती मिळाली, हे लोकहितवादींच्या स्वप्नापलीकडचे आहे. परंतु अंकाच्या तळाशी असलेली ती ओळ या व्यवहारात नाहीशी झाली. याच खानदेशात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठार मारले. भिक्षेवर जगणारी, मंगळवेढ्याकडून आलेली ती माणसे बाजाराच्या दिवशी गावात आली होती, आणि त्यांना ज्या खोलीत मारले ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयातली होती. जमावातल्या माणसांवर खटला भरता आला. ज्या हातांनी त्या अफवेचा संदेश पुढे ढकलला त्यांची मात्र गणतीच झाली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, अशी मर्यादा भारतात घातली. हा यंत्राचा उपाय झाला. रुजुवात यंत्राने होत नाही.

असीरगढावर अश्वत्थामा येतो आणि गुप्तेश्वर महादेवाला पहाटे फूल वाहून जातो, ही कथा तिथली माणसे श्रद्धेने सांगतात, आणि 'असे म्हणतात' हे शब्द घालून सांगतात. त्या दोन शब्दांत पिढ्यांचा प्रामाणिकपणा आहे. काही वृत्तवाहिन्यांनी तीच कथा बातमी म्हणून दाखविली, तेव्हा प्रथम ते दोन शब्दच गळून पडले.

बुऱ्हाणपुरास जाण्याचा योग आला, तर वाचकांनी तिथली जामा मशीद अवश्य पाहावी. राजा अलीखान फारुकीने बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे, आणि त्यात संवत १६४६, शक १५११, संवत्सर, मास, पक्ष आणि तिथी देऊन थेट घटिकेपर्यंतचा काल नोंदविलेला आहे. पुढे कोणी पंचांग घेऊन उभा राहील आणि ताळा पाहील, हे जाणूनच कोणी तरी ती अक्षरे दगडात खोदविली. पुढच्या वेळी हातातल्या पडद्यावर मोहरांची, मुले चोरणाऱ्यांची किंवा आणखी कशाची वार्ता आली, तर ती पुढे पाठविण्यापूर्वी तिच्याखाली आपले नाव, गाव आणि वेळ लिहावी, आणि तसे लिहिण्यास मन धजत नसेल तर ती तिथेच थांबवावी, एवढी माझी विनंती आहे.