विकणाऱ्याचे मौन

यंत्र बिघडले तर त्यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे पुष्कळांस वाटेल. लोखंडास पापपुण्य नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु पुलगावच्या आमच्या एका स्नेह्यांच्या मोटारीची हकीकत कानी आल्यापासून हा प्रश्न दिसतो तितका पोकळ नाही, असे आमचे मत झाले आहे, व म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

मोटार घेऊन दोन वर्षेही झाली नव्हती. उन्हाळ्यात तास-दीड तास चालली की इंजिन एकाएकी बंद पडावे, आणि सावलीत थोडा वेळ उभी केली की काहीच न घडल्यासारखे पुन्हा सुरू व्हावे, असा तिचा क्रम. वर्ध्यास दोनदा नेली, नागपुरास तीनदा नेली. प्रत्येक वेळी तेथे ती शहाण्यासारखी वागली, व प्रत्येक वेळी कागदावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला. हमीची मुदत संपत आली तेव्हा एका हितचिंतकाने सल्ला दिला, “नदीपलीकडे विकून टाका. अमरावती जिल्ह्यात तुमची गाडी कोण ओळखतो?” वर्धा नदीचा पूल ओलांडला की पुलगावकरांस दुसरा जिल्हा लागतो, तेव्हा सल्ला व्यवहारास धरून होता. तो नीतीस धरून होता काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम यंत्राला न्याय देऊ. झिजत नाही असे यंत्र अद्याप कोणी घडविलेले नाही. ज्या महात्मा गांधींनी १९३६ साली याच जिल्ह्यात, पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्धीस आलेल्या गावी, वास्तव्य केले, त्यांच्या चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. चरख्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, वेळच्या वेळी निगा राखल्यास तो २० वर्षे चालावा, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा ५ हून जास्त होऊ नये, अशा त्यात अटी होत्या. ते पारितोषिक कोणासच मिळाले नाही. तथापि त्या अटींत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चरखा कधी बिघडूच नये, असे त्यांत म्हटलेले नाही. बिघाड गृहीत धरून त्याचा हिशेब मात्र आधीच उघड मांडलेला आहे. यंत्राविषयीचा प्रामाणिकपणा तो हाच.

आता त्या शेऱ्याकडे वळू. उष्णतेने धातू प्रसरण पावतो. तारेचा सैल जोड किंवा दुबळा झालेला सेन्सर तापला की दगा देतो आणि निवला की ताळ्यावर येतो. असा दोष तपासणाऱ्यापुढे हजर होईलच, असा नेम नाही. म्हणून ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा करणे हे तर्कास सोडून आहे, आणि ज्यास यंत्रातले सर्वांत कमी कळते त्या धन्यावरच पुराव्याचे ओझे टाकणे हे न्यायास सोडून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मोटारीच्याच एका दाव्यात असे ठरविले की, हमीचे बंधन सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलून देण्याचे आहे, सबंध गाडी बदलून देण्याचे नव्हे. परंतु जो भाग सदोष आहे तोच सापडत नसेल, तर त्या बिचाऱ्याने बदलून काय मागावे?

येथे मोह उत्पन्न होतो: आपणांस फसविले गेले, आपणही गप्प बसावे. कायदा या मोहास बऱ्याच अंशी मोकळीक देतो. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून विकणारा लिलावात काही बोलला नाही, तर ती लबाडी ठरत नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. कौटिल्य याहून कडक दिसतो. रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्यास त्याने १२ पणांचा दंड सांगितला, आणि चतुष्पादाचा सौदा फिरविण्यास तीन पंधरवड्यांची मुदत दिली. कारण एवढ्या काळात त्याचे बरेवाईट कळून येते.

कोणी म्हणेल, दोष धन्याने निर्माण केला नाही, मग तोटा त्यानेच का सोसावा? हा आक्षेप खोटा नाही. तोटा त्याने सोसावा असे आम्हीही म्हणत नाही. तोटा ज्याच्याकडून आला त्याच्याकडे तो परत न्यावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा मार्ग २०१९ च्या कायद्याने खुला ठेवला आहे. तो वेळखाऊ असेल, पण सरळ आहे. परंतु ज्याने काहीच केले नाही अशा तिसऱ्याच्या गळ्यात तोटा बांधणे ही तोट्याची भरपाई नव्हे, त्याचे केवळ स्थलांतर आहे. शिवाय जुनी गाडी घेणारा बहुधा नवी घेणाऱ्याहून बेताच्या ऐपतीचा असतो, आणि भर रस्त्यात बंद पडणाऱ्या मोटारीत तोट्याबरोबर जिवाची भीतीही हवाली केली जाते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅकरलॉफ याने १९७० साली दाखवून दिले की, अशा मौनाने अखेर प्रामाणिक विकणाऱ्याच्या चांगल्या गाडीचीही किंमत पडते, कारण घेणारा सर्वांवरच संशय घेऊ लागतो.

यास्तव आमचे मत असे की, गाडी विकण्यास हरकत नाही. मात्र पाचही शेरे गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत, उन्हातली खोड सांगावी, आणि मग जी किंमत येईल ती घ्यावी. आपल्या मुलीस जे सांगितल्यावाचून आपण राहिलो नसतो, ते परक्यास न सांगण्याचे कारण एवढेच की तो पुलाच्या पलीकडे राहतो. कायद्याने तेथे सीमा आखली असेल. सदसद्‍विवेकबुद्धीला ती ठाऊक नाही.