अंत्यविधीचा विमा आणि दलालीचा धर्म

अंत्यविधीच्या खर्चापुरता लहानसा आयुर्विमा उतरविणे ही अमेरिकेतील रूढ गोष्ट आहे. दफनासह अंत्यविधीचा मध्यक खर्च तेथे २०२३ साली ८,३०० डॉलर होता. तो भार मुलांवर पडू नये, एवढाच वृद्धांचा हेतू. असा विमा विकणाऱ्या स्वतंत्र प्रतिनिधीस राज्याचा परवाना लागतो, आणि अनेक कंपन्यांच्या पॉलिसी त्याला विकता येतात.

मरणाच्या भीतीवर दलाली मिळविणे निंद्य, असे कोणी म्हणेल. मग अंत्येष्टीची दक्षिणा घेणारा पुरोहितही निंद्यच ठरेल! आमच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते, म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही. मोबदला घेण्यात पाप नाही. यजमानाचे अज्ञान हेरून विधी वाढविण्यात मात्र आहे.

नवशिक्या प्रतिनिधीची कसोटीही येथेच लागते. प्रकृतीविषयी एकही प्रश्न न विचारता मिळणारी पॉलिसी गळ्यात बांधणे सर्वांत सोपे. परंतु पहिल्या दोन वर्षांत नैसर्गिक मृत्यू आल्यास तिच्यात बहुधा पूर्ण रक्कम मिळत नाही. भरलेले हप्तेच काहीशा व्याजासह परत येतात. मधुमेह असलेल्या वृद्धेस दुसरी एखादी कंपनी चार प्रश्न विचारून पहिल्या दिवसापासून पूर्ण रक्कम देण्यास तयार असेल, तर ती शोधून देणे त्याचे कर्तव्य होय; नाही तर ‘स्वतंत्र’ या शब्दाला अर्थ काय? आणि ज्याने बँकेत पुरेशी पुंजी ठेवली आहे, त्याला ‘आपणांस याची गरज नाही’ असे सांगून उठता आले पाहिजे. पगार नाही, घरभाडे थकले आहे, अशा पहिल्या महिन्यात हे फार जड जाते.