सासूच्या चुलीतला विस्तव

मंगोल भाषेत लग्न करण्याला 'गेरलेख' म्हणतात. 'गेर' म्हणजे लोकर थापून केलेल्या जाड नमद्याचा गोल तंबू, माळरानावरचं त्यांचं घर. गेरलेख म्हणजे गेरवाला होणं. आपण बिऱ्हाड थाटणं म्हणतो, त्याच्या जवळचं काहीतरी. मुलगी सासरी निघाली की मात्र त्याच भाषेत दुसरं क्रियापद येतं, 'मोर्दोख'. त्याचा मूळ अर्थ घोड्यावर बसून वाटेला लागणं. लग्न एकच, पण एका शब्दात घर उभं राहतं आणि दुसऱ्यात घर मागे पडतं. हे दोन शब्द कळल्यापासून मनातून जात नाहीत.

मुलाकडची माणसं मागणी घालायला येतात ती 'खादग' घेऊन. हे रेशमाचं लांब वस्त्र, बहुधा आकाशी निळं, दोन्ही तळहातांवर आडवं धरून द्यायचं असतं. मुलीच्या वडिलांनी ते स्वीकारलं की सोयरीक पुढे सरकली. ते लगेच स्वीकारायचं नसतं, हा संकेत फार जुना आहे. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या १३व्या शतकातल्या ग्रंथात येसुगेई आपल्या ९ वर्षांच्या मुलासाठी, तेमुजिनसाठी, मुलगी पाहायला निघतो. हाच तेमुजिन पुढे चंगीझ खान झाला. वाटेत देई सेचेन भेटतो. त्याची मुलगी बोर्ते १० वर्षांची. पुष्कळ विनवण्या झाल्यावर मुलगी दिली तर मान वाढतो, चटकन दिली तर कमी होतो, हे देई सेचेनला ठाऊक आहे. तरी जन्मल्या दारात म्हातारं होणं मुलीच्या नशिबी नसतं, असं म्हणून तो होकार देतो. रिवाजाप्रमाणे येसुगेई मुलाला तिथेच ठेवून निघतो आणि जाता जाता सांगतो, पोराला कुत्र्यांची भीती वाटते, तेवढं सांभाळा. अर्ध्या जगावर दरारा बसवणाऱ्या माणसाचं लग्न ठरलं ते असं, बापाच्या या काळजीच्या बोलण्यासह.

पण त्याच ग्रंथात त्याच्या आईची, होएलुनची, हकिकतही आहे. तिचं लग्न मेर्कित टोळीतल्या एकाशी झालं होतं. तो तिला घेऊन घरी निघालेला असताना येसुगेईने तिला वाटेतच पळवलं. पुढे मेर्कितांनी त्याचा सूड म्हणून होएलुनच्या सुनेला, बोर्तेलाच, पळवून नेलं. हे वाचल्यावर खादगकडे पाहण्याची माझी नजर बदलली. जिथे मुलगी ओढून नेता येत होती आणि नेलीही जात होती, तिथे रिकाम्या हातांवर रेशीम धरून दारात उभं राहायचं, विचारायचं, थांबायचं, पुन्हा विचारायचं. हा शिष्टाचार माणसांनी मोठी किंमत मोजून शिकलेला आहे.

मुलगी निघते तेव्हा तिची आई मागून दूध शिंपडते. त्यासाठी 'त्सात्सल' नावाची लाकडी पळी असते, तिच्या पानात ९ लहान खळगे कोरलेले. ९ हा तिथला शुभ आकडा. दूध वाऱ्यावर उडतं आणि गवतात जिरतं. वाट पांढरी म्हणजे निर्मळ असो, एवढंच त्यातलं मागणं.

नवं गेर मुलाकडचे उभारतात. आतल्या संसाराच्या वस्तू मुलीकडून येतात. दार दक्षिणेला. पश्चिमेची बाजू पुरुषांची, पूर्वेची बायकांची, आणि दारासमोरची उत्तरेची जागा मानाची. छताच्या मध्यावरचं गोल लाकडी कडं दोन खांब तोलून धरतात. हे दोन खांब म्हणजे घरधनी आणि घरधनीण असं मानतात, आणि त्यांच्या मधून कुणी आरपार जात नाही. जाणती माणसं नव्या गेरला आशीर्वाद देतात तेव्हा कडं, वासे, भिंतीची जाळी, दार अशा एकेका भागाचं नाव घेऊन गातात. गेर उभारण्याच्या या कारागिरीची आणि तिच्याबरोबरच्या रीतींची नोंद युनेस्कोने २०१३ मध्ये केली.

मात्र गेर उभं राहिलं म्हणून घर झालं असं नाही. मधली चूल पेटायला हवी. 'तीन दगडांची चूल' हा शब्द मंगोल भाषेतही जसाच्या तसा आहे. पुढे त्या दगडांच्या जागी लोखंडी तिवई आली, मग धुरांड्याची शेगडी. सरपण बहुतेक रानशेणीचं, कारण त्या माळावर झाडं कमी. सासरी आल्यावर नवरी आधी सासूसासऱ्यांच्या चुलीपुढे वाकते, तिच्यात तुपाचा किंवा चरबीचा घास घालते. त्याच जुन्या चुलीतला विस्तव नव्या गेरमध्ये जातो. या अग्नीवर पाणी ओतायचं नाही, केर टाकायचा नाही, सुरीचं टोक त्याच्याकडे करायचं नाही. चूल विझणं म्हणजे वंश खुंटणं, असा तिचा अर्थ. थोरल्या मुलांची लग्नं होतात तसतशी त्यांना जनावरांचा वाटा मिळतो आणि त्यांची गेरं वेगळी होतात. धाकटा आईवडिलांच्या चुलीपाशी राहतो. त्याला 'ओत्चिगिन' म्हणत, म्हणजे अग्नीचा राजपुत्र. चंगीझ खानाच्या धाकट्या भावाच्या, तेमुगेच्या, नावापुढे हीच पदवी आहे.

आपल्याकडे 'चूल वेगळी केली' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी भांडण येतं. त्या लोकांनी वेगळ्या चुलीलाच मंगलकार्य केलं. वर्षातून कित्येकदा ज्यांचं घर उचलून दुसऱ्या कुरणावर न्यावं लागतं, त्यांना पूर्वजांचा उंबरठा किंवा अंगण कुठून असणार? मागच्या पिढीकडून त्यांना जो मिळतो तो हा विस्तव, आणि थोरल्या चुलीत काहीही कमी न होता तो मिळतो.

आज मंगोलियाची जवळपास निम्मी लोकसंख्या राजधानी उलानबातरमध्ये राहते. समाजवादी राजवटीत, १९७०च्या दशकात, तिथे लग्नांसाठी खास प्रासाद बांधला गेला. नोंदणी आणि अंगठ्या आल्या. फ्लॅटमध्ये मध्यभागी चूल कुठली? तरी नवरानवरी अजून रेशमी 'देल', म्हणजे लांब अंगरखे, घालतात, आणि चांदीच्या वाडग्यातलं दूध खादगवर ठेवून दोन्ही हातांनी देतात.

माळावरच्या गेरमध्ये विस्तव पोचला की नवरी पहिला चहा करते. विटेसारख्या वडीतून फोडलेली चहापत्ती, पाणी, दूध, चिमूटभर मीठ. पळीने चहा उंच उचलायचा आणि पुन्हा कढईत सोडायचा, पुन्हा उचलायचा. पाहुणे वाडगे घेऊन बसलेले असतात, पण पहिली पळी त्यांची नसते. ती घेऊन नवरी दक्षिणेच्या दारातून बाहेर येते आणि आभाळाकडे शिंपडते. आता उद्यापासून रोज सकाळी हे काम तिचं.