बाळंतिणीचा विटाळ



चोखोबांच्या घरची कथा वारकऱ्याला नवी नाही. सोयराबाईंचे दिवस भरले, चोखोबा बहीण निर्मळेकडे निघून गेले, घरात करणारे कोणी नाही. तेव्हा पंढरीचा राणा नणंदेचे रूप घेऊन आला आणि त्याने सोयराबाईंचे बाळंतपण केले. कीर्तनात ही कथा लागली की बायाबापड्यांच्या डोळ्यांना पाणी येते. पण मंडळी, देव विटाळ धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिला का? त्याने बाळंतिणीला हात लावला!

हे लिहिण्याचे कारण, जनाबाईंच्या गंगाखेड तालुक्यात आम्ही पाहिलेला एक प्रसंग. सप्ताहासाठी आम्ही एका गावी उतरलो होतो. शेजारच्या माळकरी घरातली सून दवाखान्यात बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी घरी आली. सासूबाई सोयर कडक पाळणाऱ्या. ताट लांबून सरकवायचे, शिवायचे नाही. पाचवीच्या रात्री सुनेला हुडहुडी भरली. "दूध उतरतंय, त्याचा ताप," म्हणून वर एक गोधडी टाकली. पोटात कळा, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. पण चार माणसांच्या घरात हे तिने सांगावे कोणाला? आणि आम्ही तरी काय केले? ओसरीपर्यंत गेलो, "सोयर आहे" ऐकले आणि पाणीही न घेता परतलो. हे कबूल केलेच पाहिजे.

सातव्या दिवशी थोरली जाऊ लेकरू घ्यायला आत गेली. हात लागला तर अंग तव्यासारखे, आणि ती बरळत होती. जावेने कोणाला विचारले नाही. १०८ ला फोन लावला आणि तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेले. वारेचा तुकडा आत राहिला होता. वार सुटते तिथे गर्भाशयात मोठी जखम असते. तिथे जंतू वाढले आणि रक्तात उतरले. शिरेतून औषधे दिली, तुकडा काढला. पोर वाचली.

हा बाळंतज्वर जुना वैरी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरास दिसले की, प्रेते चिरून आलेले वैद्य त्याच हातांनी बाळंतिणी तपासतात. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या वर्षी एप्रिलात १०० त सुमारे १८ बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आले. तरी पुष्कळ विद्वानांनी त्याचे ऐकले नाही. आपले हात मळके आहेत, हे कोणाला रुचते?

विटाळ धरायचाच तर तो न धुतलेल्या हाताचा, मळक्या चिंध्यांचा धरावा. साबणाने हात धुवावेत आणि मग रोज बाळंतिणीच्या कपाळाला हात लावून पुसावे, "बाई गं, थंडी वाजते का? पोट दुखतं का? वास येतो का?" बारशाने हा धोका संपत नाही, सहा आठवडे लक्ष ठेवावे. ताप आला तर अंगारा लावा, आमची ना नाही. पण गाडी आधी बोलवा.

काल्याच्या दिवशी सासूबाई देवळाच्या पायरीखाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "महाराज, दवाखान्यात मी तिला शिवले. सोयर फिटलं नव्हतं. आता माळेचं काय?"

आम्ही म्हणालो, "माउली, पायरीवर या. प्रसाद घ्या, आणि सुनेचाही घेऊन जा."